लासुर्ण्याच्या परिसरातील जमाबंदी आणि पाणी
लासुर्णे ज्या इंदापूर तालुक्यात वसले आहे, तेथे कंपनी सरकारचे अधिकारी प्रिंगलसाहेब यांनी बसवलेल्या जबर साऱ्याने आणि वारंवारच्या अवर्षणाने रयत परागंदा होऊन शेते ओसाड पडली असता, गोल्डस्मिड व विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास जमिनीची प्रतवारी नव्याने लावून, दर उतरवून, ते तीस वर्षांपर्यंत कायम केले. ही योजना कचेरीत जन्मली, तरी तिचे खरे सामर्थ्य, माझ्या मते, रयतेस लाभलेल्या निश्चिंतीत होते. कारण उद्याचा सारा ठाऊक असल्यावाचून कोणी पडीक जमिनीत नांगर घालीत नाही. पाण्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला. तो पुढे १८८५ मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने हाती घेतला, आणि जिराइती ज्वारी-बाजरीच्या शिवारात हळूहळू उसाचे मळे उभे राहून शेजारी वालचंदनगरचा साखर कारखाना निघाला.