बिग इअर

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाची रेडिओ दुर्बीण. ओहायो राज्यातील डेलावेअर येथे, ओहायो वेस्लियन विद्यापीठाच्या जमिनीवर ती उभी होती. मळसूत्री अँटेनाचे जनक प्रा. जॉन क्राउस (१९१०–२००४) यांनी तिचा आराखडा केला. बांधकाम १९५६ मध्ये सुरू झाले. पैसा बेताचाच असल्याने बरेचसे काम विद्यार्थ्यांनीच केले. १९६३ मध्ये दुर्बीण कार्यान्वित झाली.

रचना : अवजड तबकडी फिरवण्याचा खर्च टाळणे, हे या रचनेचे सूत्र. उत्तरेस सुमारे १०४ मी. लांब व ३० मी. उंच सपाट परावर्तक, दक्षिणेस सुमारे ११० मी. लांब व २१ मी. उंच अन्वस्ती परावर्तक आणि मधल्या जमिनीवर ॲल्युमिनियमचे आच्छादन, असे तिचे तीन भाग होते. आकाशातून आलेल्या रेडिओ लहरी सपाट परावर्तकावरून अन्वस्ती परावर्तकाकडे जात आणि तेथून मागे फिरून जमिनीलगतच्या दोन कर्ण्यांवर एकवटत. हलणारा मोठा भाग एकच : सपाट परावर्तक. तो कमीअधिक कलवून आकाशाचा हवा तो पट्टा निवडत; त्या पट्ट्यातील तारे पृथ्वीच्या परिवलनामुळे आपोआप दुर्बिणीसमोरून सरकत. मात्र एकाच स्रोतावर फार वेळ रोखून राहणे तिला जमत नसे.

कार्य : १९६५ ते १९७१ या काळात १४१५ मेगाहर्ट्झ कंप्रतेवर आकाशाची पाहणी करून सुमारे २०,००० रेडिओ स्रोतांची सूची तयार झाली. तीतील ओएच ४७१ हा तोवर ज्ञात असलेला सर्वांत दूरचा क्वासार असल्याचे १९७३ मध्ये आढळले. पाहणीचे अनुदान थांबल्यावर १९७३ पासून पृथ्वीबाहेरील बुद्धिमान जीवांच्या संकेतांचा शोध सुरू झाला. १५ ऑगस्ट १९७७ रोजी एक प्रबळ संकेत मिळाला. संगणकाच्या छापील कागदावर त्याची ‘६ईक्यूयूजे५’ अशी नोंद होती. प्रत्येक चिन्ह सुमारे १२ सेकंदांतील तीव्रता दाखवी आणि ‘यू’ म्हणजे पार्श्वभूमीच्या गोंगाटाच्या तीसपट. खगोलशास्त्रज्ञ जेरी एहमन यांनी या नोंदीभोवती वर्तुळ काढून समासात ‘वॉव!’ असे लिहिले. संकेत ७२ सेकंद टिकला. ताऱ्यांबरोबर सरकणारा स्रोत दुर्बिणीच्या टप्प्यातून जायला नेमका तेवढाच वेळ घेतो. तथापि दुसऱ्या कर्ण्यात तो उमटला नाही, पुढील शोधांतही सापडला नाही. दुर्बिणीची प्रसिद्धी या संकेतामुळे असली, तरी खगोलशास्त्राला तिची भरीव देणगी स्रोतसूची हीच होय.

१९८३ मध्ये जमीन विकासकाला विकली गेली. १९९८ मध्ये दुर्बीण पाडण्यात आली आणि ती जागा शेजारच्या गोल्फ मैदानाच्या विस्तारासाठी व घरांसाठी वापरली गेली.