चारकोपच्या चौकातला डम्बलडोर

‘हॅरी पॉटर अँड द हाफ-ब्लड प्रिन्स’ १६ जुलै २००५ रोजी जगभर एकदमच विक्रीला आलं. लंडनमध्ये तेव्हा मध्यरात्र होती, मुंबईत पहाटेचे साडेचार. मुंबईतल्या आमच्या चारकोपात ते हातोहात फिरलं. जागतिक बँकेच्या मदतीने ऐंशीच्या दशकात म्हाडाने आखलेली ही वसाहत. मोकळ्या चौकाभोवती छोटी घरं. एका घरात पुस्तक आलं की चौकभर त्याचे नंबर लागायचे.

दहाच दिवसांनी २६ जुलै उजाडला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमची वीज गेली, शाळा बंद. माझी लेक मेणबत्तीपाशी शेवटची प्रकरणं वाचत होती आणि शिक्षक असलेल्या स्नेपने मुख्याध्यापक डम्बलडोरला मारलं तिथे ती हुंदके देऊन रडली. “आई, तो परत येईल ना गं?” शेजारचा तिचा दादा मात्र ठाम होता, स्नेप फितूर नाहीच! चौकात दोन तट पडले. काही आयांनी तर पुस्तक कपाटावर ठेवून दिलं, मुलांना एवढं काळं वाचायला देऊ नये म्हणून.

मला ते पटलं नाही. आमच्या पिढीचा फास्टर फेणे कितीही संकटांतून सुखरूप सुटायचा, आणि त्याचे लेखक भा. रा. भागवत यांच्यावर माझं आजही प्रेम आहे. पण त्या आठवड्यात शहराने माणसं गमावली होती. मुलांना मरणाबद्दल बोलायचं होतं, आणि डम्बलडोरच्या निमित्ताने ती बोलली. स्नेपचा वाद मिटायला मालिकेतलं शेवटचं पुस्तक यावं लागलं, म्हणजे २१ जुलै २००७ उजाडावा लागला. दादाचं म्हणणं खरं निघालं.