ग्वाल्हेरची वाट आणि सिनेमाची पेटी

ग्वाल्हेरला मराठी माणूस आहे हे आपण गोव्या-महाराष्ट्रातले लोक विसरूनच जातो. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि त्या छावणीचेच 'लष्कर' नावाचे शहर झाले. १९६१ साली मराठी साहित्य संमेलन तिथे भरले; कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या, संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष. आणि गाणे? ते तर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी दक्षिणेत आणली तेव्हापासून आपल्या घरचेच. पण मराठी सिनेमाचे काय? त्याचे घोडे पेटीपाशी अडत होते.

पेटी म्हणजे प्रिंटची पेटी. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरहून जास्त लांबीची फिल्म! ती रिळांमध्ये गुंडाळून पत्र्याच्या डब्यांत घालायची आणि रेल्वेने किंवा एसटीने पाठवायची. अशा एका प्रिंटचा खर्च साठ हजार रुपयांच्या आसपास यायचा. हिंदी निर्मात्यालाही शेकडो प्रिंट काढणे जड जात असे, मग मराठीवाल्याची काय कथा. थोड्या प्रिंट काढायच्या, आधी मुंबई-पुणे, मग जिल्ह्याची गावे, मग तालुके. आमच्या गोव्यात ती पेटी उतरेपर्यंत फिल्मवर पावसाच्या सरी पडल्यासारखे ओरखडे उठलेले असत. आम्ही लहानपणी त्यालाच सिनेमा समजत होतो.

आता ग्वाल्हेरचा हिशोब करून बघा. वितरणाच्या व्यवसायात देशाचे जुने तुकडे पडलेले आहेत. गोवा मुंबई सर्किटमध्ये, तर ग्वाल्हेर-इंदूर 'सी. आय.' म्हणजे सेंट्रल इंडियात. गंमत म्हणजे त्या बाजूच्या वितरकांची जी मोठी संघटना, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, तिचे नाव आपल्या भुसावळशी जोडलेले. रेल्वेचे जंक्शन ना! पेट्या जिथून सुटायच्या तिथेच धंदाही बसायचा. पण एखाद्या रविवारच्या सकाळच्या खेळासाठी साठ हजारांची पेटी दुसऱ्या सर्किटमध्ये पाठवणारा वितरक कुठून आणायचा? प्रेक्षक तिथे होता, पण त्याच्यापर्यंत जाण्याचे भाडे परवडत नव्हते.

हे गणित बदलले ते २००५ नंतर. हॉलिवुडच्या बड्या स्टुडिओंनी २००२ मध्ये एकत्र येऊन डिजिटल सिनेमाची मानके ठरवायला घेतली आणि जुलै २००५ मध्ये ती जाहीर केली. मानके उत्तम, पण त्याला लागणारा प्रोजेक्टर आपल्या तालुक्याच्या टॉकीजला झेपणारा नव्हता. त्याच वर्षी मुंबईत संजय गायकवाड यांच्या यूएफओ मूव्हीजने वेगळीच वाट धरली. चित्र एमपेग-४ मध्ये दाबून लहान करायचे, कुलूपबंद करायचे, उपग्रहावरून थिएटरच्या छपरावरच्या तबकडीत उतरवायचे आणि आतल्या सर्व्हरवर साठवायचे. किती खेळ झाले याची नोंद आपोआप होणार, पैसे खेळागणिक. चेन्नईला सेंथिल कुमार आणि जयेंद्र पंचपकेसन यांच्या रिअल इमेजने 'क्यूब' नावाची आपली यंत्रणा उभी केली. जाणकारांनी नाके मुरडली, हा खरा डिजिटल सिनेमा नव्हेच म्हणून. हॉलिवुडचे स्टुडिओ तर आपले चित्रपट अशा पडद्यांना देईनात. माझे मत विचाराल तर त्या वेळी तेच शहाणपणाचे होते. ओरखडे उठलेल्या प्रिंटपुढे ते चित्र स्वच्छच होते, आणि मुख्य म्हणजे पहिल्या शुक्रवारी येत होते. उशिरा येणाऱ्या पेटीआधी चोरटी सीडी पोचायची, तिलाही थोडा चाप बसला.

याचा मराठीला काय फायदा झाला ते 'सैराट'वरून बघा. २९ एप्रिल २०१६ ला तो साडेचारशेच्या आसपास पडद्यांवर लागला, महाराष्ट्र-गोव्याबाहेर मध्य प्रदेशातही. चित्रपटाचा खर्च सुमारे चार कोटी. तेवढ्या फिल्म प्रिंट काढायच्या तर जुन्या भावाने नुसत्या प्रिंटचेच दोन कोटी सत्तर लाख झाले असते! पूर्वी उपशीर्षके फिल्मवरच कोरावी लागत, म्हणजे त्यांची प्रिंट वेगळी. आता ती वेगळी फाइल म्हणून जोडता येतात. हवी तिथे लावा, नको तिथे काढा.

आवाजाचेही तसेच. चित्र एकच, भाषेगणिक ध्वनीची फाइल वेगळी. इथे ग्वाल्हेर पुन्हा येते. २०१५ आणि २०१७ मध्ये 'बाहुबली'चे दोन भाग हिंदीत देशभर गाजले, त्यात प्रभासच्या तोंडी जो भारदस्त आवाज आहे तो शरद केळकरचा. जन्म १९७६, ग्वाल्हेर! लहानपणी आपण अडखळत बोलायचो असे तो स्वतः सांगतो. 'लई भारी'तला (२०१४) खलनायक संग्राम तोच आणि 'तान्हाजी'तले (२०२०) शिवाजी महाराजही तोच. ग्वाल्हेरच्या मराठी मुलाने तेलुगू नटाला हिंदी आवाज द्यावा आणि तो एका दिवशी देशभराच्या थिएटरांत घुमावा, हे पेटीच्या काळात जमवायचे म्हणजे हिंदीच्या हजारो प्रिंट आल्या असत्या.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. थिएटरात यंत्र बसवणाऱ्या कंपनीने त्याचा खर्च निर्मात्याकडून 'व्हर्च्युअल प्रिंट फी' म्हणून वसूल करायचा, अशी रीत पडली. प्रिंट नाही पण प्रिंटचे भाडे आहे! मार्च २०१८ मध्ये दक्षिणेतल्या निर्मात्यांनी याच फीवरून नवे चित्रपट लावणे थांबवले. तामिळनाडूत तर तो बंद दीड महिन्याहून अधिक चालला. मोठ्या चित्रपटाला ही फी खुपते, पण छोट्या मराठी किंवा कोंकणी निर्मात्याला ती जास्तच लागते. एखाद्या दूरच्या शहरात दिवसाला एकच खेळ मिळतो, तोही आडवेळेला, आणि तिकिटे विकली जावोत वा न जावोत, फी ठरलेली असते. ग्वाल्हेरला खेळ लावायचा की नाही, हा हिशोब वितरक आजही मांडतोच; फक्त त्यात पेटीचा रकाना उरलेला नाही.