पंगतीवर पडलेल्या काठ्या
महाड, 20 मार्च 1927 : एका दिवसाचा घटनाक्रम

चवदार तळ्याची गोष्ट आपण ओंजळीपाशी थांबवतो. बाबासाहेबांनी पाणी घेतले, इतिहास घडला, जयजयकार झाला. त्या दिवसाचे घड्याळ मात्र तिथे थांबले नव्हते. ओंजळीनंतर दोन-अडीच तासांत महाडात जे झाले, ते फार थोडे लोक सांगतात.

तीन वर्षे आधी
ऑगस्ट 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सरकारी खर्चाने बांधलेली किंवा सांभाळलेली पाणवठ्याची ठिकाणे अस्पृश्यांना खुली, असा त्याचा आशय. 5 जानेवारी 1924 रोजी महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले. सुरबानाना टिपणीसांसारखा सुधारक पाठीशी होता म्हणून ते जमले. पण ठराव दप्तरात राहिला. तळ्याच्या काठाला सवर्णांची घरे. मुसलमान पाणी भरत, गुरेढोरे पीत, आणि ठरावाने ज्यांना हक्क दिला ते मात्र भीतीने फिरकत नसत. अंमलबजावणी कुणी करायची, हे ठरावात नव्हते. पुढच्या दंगलीचे मूळ मी इथेच धरतो.

शनिवार, 19 मार्च
कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद सुरू झाली. रामचंद्र बाबाजी मोरे, संभाजी तुकाराम गायकवाड, अनंतराव चित्रे यांनी महिनोन्महिने गावोगाव फिरून माणसे जमवली होती. डोक्यावर शिदोरी, हातात काठी घेऊन हजारो लोक घाटातून, खाडीकाठाने चालत आले. लष्करातले निवृत्त महार शिपाईही होते. मांडवाच्या परिसरात या मंडळींना पाणी भरता येणार नव्हते, म्हणून 40 रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घेतले होते. तळे हाकेच्या अंतरावर!

अध्यक्ष बाबासाहेबांनी त्या दिवशी भाषणात सांगितले ते रोजच्या जगण्याचे होते : मेलेल्या जनावराचे मांस टाका, शिळ्या तुकड्यांची आशा सोडा, जमीन मिळवा, मुले शिकवा.

रविवार, 20 मार्च, सकाळ
नऊच्या सुमारास दुसरे अधिवेशन भरले. नागरी हक्क बजावायला सवर्णांनी मदत करावी, असा ठराव आला. गावातल्या सवर्णांपैकी जोशी आणि धारिया उभे राहून बोलले. मिश्रविवाह सोडून बाकी त्यांना मान्य होते. म्हणजे या घटकेपर्यंत सारे सभ्यपणे चालले होते. मग परिषद आटोपत असताना अनंतराव चित्र्यांनी सुचवले, की आता इथूनच तळ्यावर जाऊ.

दुपार होण्याआधी
चार-चारच्या रांगा करून मिरवणूक बाजारपेठेतून निघाली. कुणाला शिवी नाही, कुणाला धक्का नाही. बाबासाहेब पायऱ्या उतरले, पाणी प्यायले. मागून बाकीचे प्यायले. मिरवणूक शांतपणे मांडवात परतली. काठावरच्या घरांतून लोक बघत होते. एकानेही हात उचलला नाही. हजारो माणसे एकत्र होती, त्यांच्या अंगावर जायची छाती कुणाची होणार?

दोनेक तासांनी
गावात आवई उठली : आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. असा बेत कुणाचाच नव्हता. परिषद संपली होती, पुष्कळ जण गावाच्या वाटेला लागले होते, उरलेले मांडवात पानावर बसले होते. काठ्या घेतलेला जमाव नाक्यानाक्यावर जमला आणि मांडवावर तुटून पडला. अन्न मातीत तुडवले, भांडी फोडली, उठू न शकलेल्यांना बदडले. बायका-पोरेही सुटली नाहीत. गल्लीबोळात एकटेदुकटे सापडलेले वेगळेच. कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत शिरून जीव वाचवला आणि त्या घरांनी दारे लावून घेतली नाहीत.

धर्म बुडाला म्हणून चवताळलेला हा जमाव मिरवणूक पांगेपर्यंत थांबला होता. याला मी संताप म्हणत नाही, हिशेब म्हणतो.

दुपारी चार
बाबासाहेब डाकबंगल्यात होते. अधिकारी तिथे आले ते त्यांनाच बंदोबस्ताची विनंती करायला. ते मोजक्या सहकाऱ्यांना घेऊन गावात गेले, रस्त्यात जमावाने अडवले, देवळात जायचे नाही हे त्यांनी सांगितले. वीसेक माणसे गंभीर जखमी होऊन पडली होती. डॉक्टर, औषधे यांची सोय त्यांनीच केली.

डाकबंगल्यावर शंभरेक माणसे हुकुमाची वाट बघत होती. त्यात लढाई पाहिलेले शिपाई होते. हुकूम मिळाला असता तर महाडात त्या रात्री काय झाले असते, याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. हुकूम मिळाला नाही.

संध्याकाळनंतर
परतणाऱ्यांना वाटेत गाठून मारले. आसपासच्या गावांत निरोप गेले, की आले की बघून घ्या.

त्यापुढे
तळे शुद्ध केले गेले : 108 घागरी पाणी काढून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घालून, मंत्र म्हणत परत तळ्यात ओतले. 6 जून 1927 रोजी नऊ आरोपींपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. 4 ऑगस्टला नगरपालिकेने आपलाच 1924 चा ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा सवर्णांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. तळे आमच्या खासगी मालकीचे आणि रूढी प्राचीन, असा दावा होता. दिवाणी दावा वरच्या कोर्टांत चढत गेला. मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी सवर्णांचे अपील फेटाळले. त्या रविवारच्या दुपारला दहा वर्षे पुरी व्हायला तेव्हा तीन दिवस उरले होते.