एका गोटीची बखर

आमच्या शाखेत नवे संगणक आले, त्या वर्षी बँकेचं काम किती वाढलं ते मला ठाऊक नाही. पण माझं एक काम निश्चित वाढलं. संध्याकाळी रोकड जुळली, तिजोरीला दोन्ही किल्ल्या लागल्या आणि मॅनेजरसाहेबांची मोटरसायकल फाटकाबाहेर गेल्याचा आवाज आला, की मी खुर्ची पुढे ओढून विंडोज एक्सपीमधलं 'पिनबॉल' उघडून बसे. निळ्याजांभळ्या अंतराळात एक चकचकीत गोळी सुटायची, दिव्यांना धडका देत हिंडायची आणि खाली येऊ लागली की डाव्या हातानं झेड अन् उजव्या हातानं तिरकी रेघ दाबून मी तिला परत वर पिटाळायचा. शिपायानं विचारलं, "काय करायलाव साहेब?" तर मी गंभीरपणे सांगत असे, "ताळेबंद." एकदा माझे अकरा लाख गुण झाले. माझ्या नावावर सात आकडी रक्कम लागल्याचा हा पहिला आणि आजतागायत शेवटचा प्रसंग.

तेव्हा पिनबॉल म्हणजे काय, हे आपल्याला पुरतं कळलं आहे अशी माझी समजूत होती. ती गेल्या उन्हाळ्यात मोडली.

झालं असं, की मुरुडच्या आमच्या घरी चिरंजीव माळ्यावर चढले आणि एक लाकडी पाटी खाली घेऊन आले. बगाटेल! मी चौथीत असताना मामानं सोलापूरहून आणलेलं. हिरव्या रंगाची, वरून गोलाकार फळी, तिच्यावर खिळ्यांची अर्धी-अर्धी कडी, प्रत्येक कड्यात आकडा लिहिलेला, उजव्या अंगाला बोळ आणि बोळाच्या तळाशी स्प्रिंगचा दट्ट्या. दट्ट्या ओढायचा, सोडायचा, छर्रा वर जाऊन कमानीवरून वळायचा आणि खिळ्यांना टकटक करत कुठंतरी पडायचा. हे बगाटेल आमच्या घरात फक्त आठ दिवस खेळलं गेलं. नवव्या दिवशी आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, ते मुकाट्यानं उचललं आणि माळ्यावर टाकलं. "का?" असं विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

चिरंजिवांनी फळी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "बाबा, याला हात कुठं आहेत?"

"कसले हात?"

"गोळी परत वर मारायचे. नाहीतर खेळायचं काय यात?"

प्रश्न बिनतोड होता. बी.कॉम. झालेल्या माणसाला उत्तर आलं नाही की तो पुस्तकं उघडतो. ती मी उघडली आणि मला या गोटीची एक मोठी बखरच सापडली.

बखरीची सुरुवात राजवाड्यापासून करावी लागते. सुदैवानं आपल्या गोटीला राजवाडा आहे. फ्रान्सच्या सोळाव्या लुईचा धाकटा भाऊ, काउंट द आर्तुआ, यानं १७७७ साली आपली वहिनी मारी आंत्वानेत हिच्याशी पैज मारली आणि पॅरिसजवळ अवघ्या चौसष्ट दिवसांत एक टुमदार हवेली उभी केली. (आमच्याकडे चौसष्ट दिवसांत निविदासुद्धा उघडत नाही.) हवेलीचं नाव बगातेल. शब्दाचा अर्थ 'क्षुल्लक गोष्ट'. बिलियर्डचं टेबल अरुंद करून त्यावर खुंट्या ठोकून खेळायचा एक खेळ तिथल्या मेजवानीत रंगला आणि हवेलीचं नाव त्याला चिकटलं असं सांगतात. तेव्हा गोळी काठीनं ढकलत. दिरानं वहिनीशी लावलेल्या पैजेतून निघालेला खेळ पुढे जन्मभर पैजेपायीच बदनाम व्हावा, यात नवल नाही.

काठी जाऊन दट्ट्या आला तो १८७१ साली. अमेरिकेत सिनसिनाटी शहरी माँटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या गृहस्थानं 'बगाटेलमधील सुधारणा' या नावाचं पेटंट घेतलं. स्प्रिंगचा दट्ट्या आणि गोटीएवढ्या लहान गोळ्या या त्याच्या सुधारणा. म्हणजे मामानं सोलापूरहून आणलेली वस्तू मुळात रेडग्रेव्हसाहेबांची होती. मामा उगीचच भाव खाऊन गेला.

यानंतर साठ वर्षं गोटी शांतपणे घरंगळत राहिली. मग अमेरिकेत महामंदी आली. लोकांच्या खिशात पैसा नव्हता, हाताला काम नव्हतं, वेळ मात्र मुबलक होता. अशा वेळी १९३१ साली डेव्हिड गॉटलीब यानं 'बॅफल बॉल' नावाचं दुकानाच्या काउंटरवर ठेवायचं यंत्र काढलं. किंमत साडेसतरा डॉलर. एक सेंट टाकला की मूठभर गोळ्या. अशी पन्नास हजारांवर यंत्रं खपली. त्याला ना दिवे, ना वीज, ना हात. गुणसुद्धा खेळणाऱ्यानंच मनात मोजायचे. म्हणजे अगदी आमची बगाटेलची फळी, फक्त वर काच आणि पैसे टाकायला फट.

आता हात नसलेल्या यंत्रावर माणूस काय करतो? तो यंत्रच हलवतो. बोटानं ढोसतो, गुडघ्यानं रेटतो, उचलून आपटतो. हॅरी विल्यम्स नावाच्या कारागिराला हे बघवेना. खालून थापा मारणाऱ्यांसाठी त्यानं म्हणे आधी यंत्राच्या तळाशी खिळे ठोकले. वर खिळे होतेच, आता खालूनही! पण त्याला नंतर खेळणाऱ्यांची दया आली असावी. त्यानं आत एक छोटी गोळी खुंटीवर तोलून ठेवली. यंत्र जास्त हललं की ती पडायची आणि डाव बाद. हाच तो 'टिल्ट'. यातली खरी गंमत अशी, की थोडं ढोसायला परवानगी असते, फार ढोसायला नसते. किती म्हणजे थोडं, हे यंत्र बोलून दाखवत नाही. हे कळायला मला बँकेत वीस वर्षं घालवावी लागली. प्रमोशनसाठी साहेबाला किती ढोसायचं याचा माझा अंदाज चुकला आणि माझा डाव कायमचा टिल्ट झाला.

१९३३ साली याच विल्यम्सनं 'काँटॅक्ट' या यंत्रात वीज आणली. आत बॅटरी, बाहेर घंटी. १९३६ च्या अखेरीला बंपर आले. आणि मग आले हात.

ही साल वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. गॉटलीबच्या कारखान्यातल्या हॅरी मॅब्ज यानं 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्राला पहिल्यांदा फ्लिपर बसवले ते १९४७ साली. पण हे सहा फ्लिपर बाजूंना होते आणि त्यांची तोंडं बाहेरच्या दिशेला. हात आले, पण धड कामाचे नाहीत. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, स्टीव्ह कॉर्डेक या काटकसरी माणसानं 'ट्रिपल ॲक्शन' यंत्रात सहाऐवजी दोनच फ्लिपर ठेवले. पण जोरकस, आणि अगदी तळाशी. ते आजतागायत तिथंच आहेत. आता मराठवाड्यातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण आमच्या मुरुडला निजामाच्या हातून सुटायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. गोटीच्या आणि आमच्या स्वातंत्र्याच्या तारखा इतक्या तंतोतंत जुळाव्यात, याबद्दल खरं तर एखाद्या विद्यापीठानं मला पदवी द्यायला हरकत नाही.

असो. पण चिरंजिवांच्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकीच होतं. हात नव्हते तेव्हा खेळायचं काय?

उत्तर मला महाशिवरात्रीच्या जत्रेत सापडायला हवं होतं. लातूरला सिद्धेश्वराची जत्रा भरते. लहानपणी आम्ही एस.टी.नं जायचो. पाळणे, मौत का कुआँ आणि रेवड्यांच्या राशी ओलांडल्या की एका कोपऱ्यात पेट्रोमॅक्सच्या उजेडात एक माणूस उतरती फळी मांडून बसलेला असे. फळीवर खिळे, तळाशी कप्पे. कडेच्या कप्प्यांत घड्याळ आणि ट्रान्झिस्टर, मधल्या कप्प्यांत कंगवा आणि साबणाची डबी. गोटी नेहमी कंगव्यावरच पडे. त्या जत्रेतून परतलेल्या माणसाचं डोकं विंचरलेलं असायचं आणि खिसा रिकामा.

या कंगव्याचं रहस्य मला बी.कॉम.च्या संख्याशास्त्रात उलगडलं. फ्रान्सिस गाल्टन नावाच्या इंग्रज पंडितानं १८७० च्या दशकात अशीच एक खिळ्यांची फळी बनवली होती. वरून मधोमध छर्रे सोडले की प्रत्येक खिळ्यापाशी छर्रा डावीकडे जाईल की उजवीकडे हे कुणीच सांगू शकत नाही. पण शेकडो छर्रे सोडले की तळाशी दर वेळी तीच रास होते. मध्ये उंच, कडेला उतरती, घंटेच्या आकाराची. एका छर्ऱ्याला नशीब असतं, हजार छर्ऱ्यांना नियम. जत्रेतल्या त्या माणसानं गाल्टनचं नाव ऐकलेलं नव्हतं. पण घड्याळ कुठं ठेवायचं आणि कंगवा कुठं, हे त्याला चोख ठाऊक होतं. शिवाय सकाळी धंदा मांडण्याआधी तो एका लहान हातोडीनं एखाद्या खिळ्याला किंचित टिचकी देई. जपानात बगाटेलच्याच वंशातला पाचिंको हा खेळ आहे, तिथंही खिळे केसभर वाकवण्याचं काम मोठ्या कसबाचं समजत. म्हणजे कसब होतंच. फक्त ते फळीच्या पलीकडच्या बाजूला बसलेलं होतं.

मग अलीकडच्या बाजूला नुसतं नशीब? या एका प्रश्नावर मोठमोठी शहरं भांडली आहेत. न्यूयॉर्कचे मेयर ला ग्वार्डिया यांचं मत 'नुसतं नशीब' असं होतं. १९४२ साली त्यांनी पिनबॉलवर बंदी घातली आणि स्वतः घण घेऊन यंत्रं फोडली. बंदी चौतीस वर्षं टिकली. १९७६ साली रॉजर शार्प नावाचा तरुण नगरपरिषदेच्या समितीपुढे यंत्र घेऊन उभा राहिला. हा कसबाचा खेळ आहे हे सिद्ध करायचं होतं. तो थोडा वेळ खेळला. मग म्हणाला, आता मी दट्ट्या असा ओढतो की गोळी वरच्या मधल्या बोळातूनच उतरेल. ओढला. उतरली. बंदी उठली. लक्षात घ्या, निकाल लावला तो फ्लिपरनं नव्हे, रेडग्रेव्हच्या दट्ट्यानं! नंतर म्हणे शार्पसाहेबांनीच हसत कबूल केलं, की त्या फटक्यात नशीबही होतं.

आपल्याकडे १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यानं निव्वळ कसबाचे खेळ वगळलेले आहेत. सिकंदराबादच्या एका क्लबातला रमीचा डाव तर थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि रमी मुख्यतः कसबाचा खेळ ठरला. आमच्या स्टाफपैकी दोघं हा निकाल तोंडपाठ म्हणतात. घरी गेल्यावर उपयोगी पडतो.

हे सगळं मी चिरंजिवांना ओसरीवर बसून सांगत होतो. मध्ये बगाटेल. मी दट्ट्या पार ओढून सोडला. छर्रा कमान फोडून जाईल अशा वेगानं गेला आणि सरळ तळाशी.

बाजेवरून आवाज आला, "असं वढत नसतेत."

दादा उठून आले. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस मांडी घालून फळीपुढे बसला. दोन बोटांत दट्ट्या धरला, डोळे किलकिले करून कमानीकडे पाहिलं आणि जेमतेम अर्धा ओढला. छर्रा कमानीवर रेंगाळला, एका खिळ्याला टेकला आणि पाचशेच्या कड्यात बसला. दुसराही. तिसराही.

"दादा, हे तुम्हाला कुठं आलं?"

ते काही वेळ छर्रेच गोळा करत राहिले. मग म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात. खडी फोडायला व्हतो कामावर. आठ दिसाची हजरी मिळाली. मिलो आणायला लातूरला धाडलं व्हतं तुज्या आजीनं. शिवरात्रीची जत्रा व्हती."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. फक्त एवढं म्हणाले, "घरी सांगितलं, पैसे पडले. दोन दिस म्हातारी कामावरच्या सुकडीवर ऱ्हायली. लई दिस झाले. कुणाला बोललो न्हाई."

माळ्यावर गेलेल्या फळीचं कारण मला चाळीस वर्षांच्या हिशेबात पहिल्यांदा सापडलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग दादा, ते नशीब होतं की कसब?"

"पहिल्या तीन गोट्या लागल्या," दादा म्हणाले, "तवा वाटलं, आपली कला हाय. मग लागंनात. तवा म्हणलं, नशीब."

न्यूयॉर्कची नगरपरिषद, मेयर, शार्प, गाल्टन आणि मी, आम्ही सगळे मिळून एवढं थोडक्यात बोललो नव्हतो.

चिरंजिवांनी छर्रा बोळात ठेवला. दादांनी त्याच्या बोटांवर आपली दोन बोटं ठेवली. "हळू. निम्मा. आन् पैसे लावून कधी न्हाई." छर्रा सुटला. हात नसलेल्या त्या फळीकडे आम्ही तिघं श्वास धरून बघत राहिलो आणि त्या क्षणी चिरंजिवांना आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असावं. कारण पुन्हा त्यानं तो विचारला नाही.

रात्री सवयीनं मी हिशेब जुळवला. दादा दोन हजार तीनशे, चिरंजीव नऊशे, अस्मादिक दीडशे. बगाटेल आता माळ्यावर नाही. ते दादांच्या बाजेखाली असतं आणि दुपारी सगळे झोपले की तिथून हळूच टकटक ऐकू येते. विचारलं, तर म्हणतात, "ताळेबंद."