टपालयंत्राचें मागलें दार

पोस्टमनच्या हातीं तिजोरीची किल्ली देणारा गृहस्थ विरळाच. दारावर थाप पडते, पत्र हातीं येतें, पोस्टमन पुढल्या घराकडे वळतो. त्याचा नि माजघराचा कांहीं संबंध नाहीं, अशीच सर्व घरांची रीत असते. परंतु तारांवरून धांवणाऱ्या पत्रांच्या इतिहासांत असाही एक काळ होऊन गेला, कीं जेव्हां मोठमोठ्या विद्यापीठांनीं व प्रयोगशाळांनीं आपल्या संगणकांवरील पोस्टमनच्या कमरेला साऱ्या वाड्याच्या किल्ल्यांचा जुडगा बांधून ठेवला होता. हा पोस्टमन माणूस नव्हता. 'सेंडमेल' नांवाचा तो एक प्रोग्रॅम होता. तो जुडगा त्याच्या कमरेचा सोडवून घेण्याचें काम पुढें कित्येक वर्षें चाललें, आणि तें पुरतें झालें असें आजही म्हणतां यावयाचें नाहीं.

ज्या वाड्यांत हा प्रकार घडला त्याचें नांव युनिक्स. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्सन आणि डेनिस रिची ह्यांनीं १९६९ सालीं त्याचा पाया घातला. एकाच यंत्रावर अनेकांनीं एकाच वेळीं काम करावें, प्रत्येकाचें दप्तर निराळें, प्रत्येकाचें कुलूप निराळें, आणि ह्या सर्वांवर 'रूट' नांवाचा एकच धनी, ज्याला कोठेंही मज्जाव नाहीं, अशी ही व्यवस्था होय. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र धाडण्याची युक्ति रे टॉमलिन्सन ह्यानें १९७१ मध्यें साधली होती. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथें एकाच खोलींत शेजारीं शेजारीं असलेलीं दोन यंत्रें, आणि मधला प्रवास मात्र आर्पानेट ह्या जाळ्यांतून! माणसाचें नांव व यंत्राचें नांव ह्यांच्या मध्यें जें वेटोळें चिन्ह आज पोरासोरांनाही ठाऊक आहे, तें त्यानेंच निवडलेलें.

बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत ह्या टपालाची अडचण निराळीच होती. तेथें 'इंग्रेस' नांवाच्या माहितीसंग्रहाच्या प्रकल्पावर एरिक ऑलमन हा तरुण काम करीत असे. आर्पानेटची तार ह्या प्रकल्पाच्या यंत्राला जोडलेली. म्हणून ज्याला बाहेरगांवीं पत्र धाडावयाचें, त्याला त्या यंत्रावर खातें हवें. खातें मागणाऱ्यांची रीघ लागली. माणसांना यंत्रापाशीं आणण्यापेक्षां पत्रांनाच यंत्रायंत्रांतून फिरवलेलें बरें, असा विचार करून ऑलमननें 'डिलिव्हरमेल' हा प्रोग्रॅम लिहिला. तो १९७९ पासून बर्कलेच्या युनिक्सबरोबर सर्वत्र जाऊं लागला. त्याचाच पुढला अवतार १९८३ चा सेंडमेल.

त्या काळीं जाळीं अनेक आणि प्रत्येकाची पत्ता लिहिण्याची पद्धत वेगळी. कोणी यंत्रांचीं नांवें उद्गारचिन्हांनीं जोडी, कोणी मध्यें विसर्गासारखे दोन ठिपके देई. सेंडमेलनें हा सारा भाषाभेद पोटांत घेतला. कोणताही पत्ता आला, तरी तो कसा उलगडावा आणि दुसऱ्या रूपांत कसा मांडावा, ह्याचे नियम एका फाइलींत लिहून ठेवतां येत. सोय मोठी, परंतु ती फाइल म्हणजे मोडी न येणाऱ्यापुढें टाकलेलें मोडी दप्तर! चिन्हांमागून चिन्हें, आणि मध्यें जागा सोडतांना चुकलें तरी अर्थ बदलावा. पुढें १९९३ मध्यें ह्या एका प्रोग्रॅमवर एक जाडजूड ग्रंथ निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर वटवाघुळाचें चित्र होतें, आणि यंत्रें सांभाळणारे लोक त्याला 'वटवाघुळाचें पुस्तक' म्हणूनच ओळखीत. ज्या वस्तूची मांडणी समजावयास ग्रंथ लागतो, तिच्यांत चूक कोठें राहिली हें समजण्यास काय लागावें?

पत्रांची देवघेव करतांना दोन यंत्रांनीं परस्परांशीं काय बोलावें, ह्याचे नियम जॉन पोस्टेल ह्यानें ऑगस्ट १९८२ मध्यें लिहून प्रसिद्ध केले. संभाषण मोठें सुटसुटीत आहे. आलेलें यंत्र प्रथम आपलें नांव सांगून रामराम करतें; पत्र कोणाकडून आलें तें सांगतें; कोणासाठीं तें सांगतें; मग मजकूर वाचून दाखवतें आणि शेवटीं एका ओळींत एकटाच ठिपका देऊन थांबतें. ह्या साऱ्या बोलण्यांत 'तूं म्हणतोस तो तूंच कशावरून?' असा प्रश्न एकदांही येत नाहीं. पोस्टेलला दोष देण्यांत अर्थ नाहीं. जाळ्यावरचीं माणसें बहुधा एकमेकांस नांवानें ओळखत असत, आणि गांवांतल्या गांवांत ओळखपत्र कोण मागतो?

हें बोलणें ऐकण्यासाठीं युनिक्समध्यें २५ क्रमांकाची खिडकी ठरलेली आहे. एक हजार चोवीसच्या खालच्या क्रमांकाची कोणतीही खिडकी उघडण्याचा अधिकार फक्त रूटला. शिवाय आलेलें पत्र ज्याच्या त्याच्या पेटींत टाकावयाचें म्हणजे प्रत्येकाच्या दप्तराला हात लावण्याची मुभा हवी. ह्या दोन कारणांसाठीं सेंडमेलला रूटचा अधिकार दिला गेला. परकें माणूस खिडकीशीं काय बोलतें तें ऐकणें, पत्ता उलगडणें, पत्र साठवणें आणि घरोघर पोंचवणें हीं चारही कामें एकाच प्रोग्रॅमच्या हातीं, आणि तो प्रोग्रॅम धन्याच्या अधिकारानें वावरणारा! दोषाचें मूळ येथें आहे. त्यांत भर पडली ती 'डिबग' नांवाच्या आज्ञेची. प्रोग्रॅममधील दोष शोधणाऱ्याच्या सोयीसाठीं ती ठेवलेली होती. ती दिली, म्हणजे पत्र घेणारा म्हणून माणसाच्या नांवाऐवजीं यंत्रानें पार पाडावयाची आज्ञाच लिहितां येई, आणि यंत्र ती बिनतक्रार पार पाडी. घर बांधतांना गवंड्यानें आपल्या येण्याजाण्यासाठीं ठेवलेलें हें मागलें दार; घर ताब्यांत देतांना तें बुजवावयाचें राहून गेलें.

२ नोव्हेंबर १९८८ च्या रात्रीं त्या दारानें एक अळी आंत शिरली. कॉर्नेल विद्यापीठांत शिकणारा रॉबर्ट टॅपन मॉरिस हा तिचा कर्ता. माग लागूं नये म्हणून त्यानें ती मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या यंत्रावरून सोडली. अळी प्रथम ९९ ओळींचा एक लहानसा प्रोग्रॅम पुढें धाडी. तो बळी पडलेल्या यंत्रावर तयार होऊन मग मुख्य अळीला आंत ओढून घेई. सेंडमेलचें मागलें दार ही तिची एक वाट. 'फिंगर' नांवाच्या सेवेंतील चूक ही दुसरी. आणि लोकांचे सोपे परवलीचे शब्द ओळखणें ही तिसरी. तिच्यापाशीं अशा ४३२ शब्दांची यादी होती. ती कोणाचें दप्तर पुसत नव्हती, कांहीं चोरत नव्हती. रूटचा अधिकार मिळवण्याचा प्रयत्नही तिनें केला नाहीं. डिबगच्या दारानें मिळणारा हलका अधिकारच तिला पुरला. यंत्रांत आधींची अळी आढळली, तर नव्या अळीनें बहुधा माघार घ्यावी, परंतु सातांत एकदां मात्र हट्टानें राहावें, असें मॉरिसनें ठरवलें होतें. हें प्रमाण फार झालें. एकाच यंत्रांत अळ्यांवर अळ्या जमल्या आणि बिचारीं यंत्रें श्वास कोंडल्यासारखीं निपचित पडलीं. बाधा झालेल्या यंत्रांचा आंकडा सुमारे ६,००० असा तेव्हांपासून सांगितला जातो. तो अंदाजच आहे.

त्या रात्रीची सर्वांत चमत्कारिक गोष्ट पुढेंच आहे. मॉरिसच्या एका मित्रानें मध्यरात्रीनंतर, निनांवी, क्षमा मागत, अळी कशी थोपवावी ह्याचें पत्र जाळ्यावर सोडलें. पण अळीच्या भयानें लोकांनीं टपालाचीं दारें लावून घेतलेलीं! तें पत्र एक दिवसाहून अधिक काळ वाटेंतच अडकलें, आणि पोंचलें तेव्हां बर्कले येथील मंडळींनीं सेंडमेलची दुरुस्ती करून ती सर्वत्र पाठवलीही होती. मॉरिसवर खटला झाला. १९९० सालीं त्याला तीन वर्षें देखरेखीखालीं राहण्याची, ४०० तास समाजसेवेची आणि १०,०५० डॉलर दंडाची शिक्षा झाली. त्याचे वडील अमेरिकी सरकारच्या संगणक-सुरक्षा केंद्रांत मोठ्या हुद्द्यावर होते, हा दैवाचा खेळ म्हणावा. त्याच नोव्हेंबरांत कार्नेगी मेलन विद्यापीठांत असल्या संकटांची वर्दी देणारें पथक स्थापन झालें. पुढल्या दशकांत त्या पथकास सेंडमेलविषयीं वारंवार इशारे काढावे लागले. एक भोंक बुजवावें तों दुसरें उघडें पडावें, असा तो काळ होता.

शिकागो येथें गणित शिकवणारा डॅनियल बर्नस्टाइन ह्यानें भोंकें बुजवण्याचा नाद सोडून घरच नवें बांधलें. त्याच्या 'क्यूमेल'ची पहिली पूर्ण आवृत्ति १९९७ च्या आरंभीं निघाली. त्यानें सेंडमेलचीं कामें लहान लहान प्रोग्रॅममध्यें वांटून दिलीं, प्रत्येकाला निराळें नांव, निराळा अधिकार, आणि कोणाचाही कोणावर पुरता विश्वास नाहीं! सुरक्षिततेंतील खरें भोंक शोधून काढील त्याला ५०० डॉलर देईन, असें त्यानें त्याच वर्षीं जाहीर केलें. माणूस तर्कशुद्ध, पण हेकट. आपल्या प्रोग्रॅममध्यें दुसऱ्यानें फेरफार करून तो वांटावा, हें त्याला २००७ पर्यंत मान्य नव्हतें, आणि त्यामुळें क्यूमेलचा प्रसार व्हावा तसा झाला नाहीं.

तें यश मिळालें वित्झे वेनेमा ह्या डच शास्त्रज्ञाच्या 'पोस्टफिक्स'ला. आय. बी. एम. कंपनीच्या वॉटसन संशोधन केंद्रांत त्यानें तो लिहिला आणि डिसेंबर १९९८ मध्यें तो सर्वांस खुला झाला. त्याची रचना एखाद्या जुन्या वाड्यासारखी आहे. परक्याशीं बोलणारा प्रोग्रॅम देवडीवरचा. त्याला आंत जाण्याचा अधिकार नाहीं. हवें तर त्याला अशा कोठडींत बसवतां येतें, कीं त्या कोठडीपलीकडे जग आहे हेंच त्याला दिसूं नये. तो पत्र घेऊन दुसऱ्याच्या हातीं देतो. तो तें झाडूनपुसून रांगेंत ठेवतो. रांगेचा कारभारी निराळा. घरच्या माणसाच्या पेटींत पत्र टाकणारा त्याहूनही निराळा. देवडीवरचा फितूर झाला, तरी चोराला आणखी कित्येक उंबरे ओलांडावयाचे राहतात. आणि मांडणीची फाइल? डाव्या बाजूस नांव, उजव्या बाजूस किंमत, मध्यें बरोबरीचें चिन्ह. ज्याला दुकानाची खातेवही कळते त्याला ती कळावी. सुरक्षिततेच्या दृष्टीनें ह्या साधेपणाचें मोल कोठड्यांइतकेंच आहे, कारण उघड्या राहिलेल्या दारांपैकीं पुष्कळशीं सांभाळणाऱ्याला मांडणी न कळल्यामुळें उघडीं राहतात.

ह्याच सुमारास आणखी एक जुनी उदारता संपली. कोणाचेंही पत्र कोणासाठींही आलें, तरी तें पुढें पोंचवावें, हा सेंडमेलचा मूळचा धर्म. वाटसरूला पाणी द्यावें तसा. जाहिरातवाल्यांनीं ह्या पाणपोईवर आपलीं दुकानें थाटलीं. भारतांत विदेश संचार निगमानें सामान्य लोकांस इंटरनेट खुलें केलें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं; म्हणजे येथल्या घरांना टपालपेटी मिळाली ती रद्दी येऊं लागण्याच्याच अमदानींत. सेंडमेलच्या मे १९९८ च्या आवृत्तीपासून परक्याचें पत्र परक्याकडे पोंचवणें हें सांगितल्यावांचून होईनासें झालें. नंतर १९९९ मध्यें दोन यंत्रांमधील संभाषणावर गुप्त लिपीचें आवरण घालण्याची रीत ठरली, २००७ मध्यें पत्रावर धाडणाऱ्या संस्थेची मोहोर उमटवण्याची. ह्या मोहोरेनें व आवरणानें पत्र वाटेंत सुरक्षित राहतें खरें, परंतु मुक्कामाच्या यंत्रांत तें उघडेंच पडलेलें असतें, हें विसरतां कामा नये.

बर्नस्टाइनच्या पैजेचें पुढें काय झालें, हें सांगावयास हवें. २००५ सालीं एका संशोधकानें क्यूमेलमध्यें एक चूक दाखवली. इतकी प्रचंड स्मृति असलेल्या यंत्रांत ह्या प्रोग्रॅमवर मर्यादा न घालतां तो कोण चालवील, असें म्हणून बर्नस्टाइननें ती मानली नाहीं. २०२० मध्यें क्वालिस कंपनीच्या संशोधकांनीं त्याच चुकीच्या वाटेनें आंत शिरून दाखवलें. मर्यादा खरोखरीच कोणी घातलेली नव्हती. त्याच्या आदल्या वर्षीं, जून २०१९ मध्यें, ह्याच संशोधकांनीं एक्झिम ह्या दुसऱ्या टपालयंत्रांतील दोष उघड केला होता. एक्झिम हा जुन्या पद्धतीनें बांधलेला, पुष्कळशीं कामें एकाच प्रोग्रॅमच्या हातीं ठेवणारा. त्यांत पत्र घेणाऱ्याच्या नांवाच्या जागीं आज्ञा लिहितां येत होती, आणि ह्या खेपेस ती रूटच्या अधिकारानें पार पडत होती.

सेंडमेलच्या आज्ञांच्या तक्त्यांत 'डिबग' हा शब्द पुढेंही राहूं दिलेला आहे. ती आज्ञा कोणी दिली, तर 'ही आज्ञा ओळखीची नाहीं' इतकेंच उत्तर मिळतें, आणि विचारणारा कोठून आला होता तें नोंदवहींत टिपून ठेवलें जातें.