रुक्मिणीचे हरण की स्वयंवर?

टेबलाभोवती बसून, फासे टाकत साहसकथा रचण्याचा एक खेळ आमच्या काही विद्यार्थ्यांच्या हाती आला आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने अमेरिकेत त्याला छापील रूप दिले. सूत्रधार प्रसंग मांडतो, प्रत्येक खेळाडू आपल्या पात्राचे वर्तन ठरवतो आणि यशापयशाचा कौल पुष्कळदा फासे देतात. आमच्या विद्यार्थ्यांनी प्रसंग निवडला तो राजकन्येच्या लग्नाचा. निवड उत्तम होती, कारण लग्नात मुहूर्त ठरलेला असतो, शत्रू-मित्र एकाच मांडवात असतात आणि पाहुणा म्हणून कोणालाही आत शिरता येते. मात्र त्या खेळात नवरीच्या तोंडी एकही वाक्य नव्हते. ती केवळ पळवून न्यायची होती.

वऱ्हाडात हे घडावे, याचे आम्हांला नवल वाटले. या कथाबीजाचे माहेर इथलेच आहे. अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी वसलेले कौंडण्यपूर हे परंपरेने रुक्मिणीचे कुंडिनपूर होय. भागवताच्या दशमस्कंधात भाऊ रुक्मी तिचे लग्न शिशुपालाशी ठरवतो आणि ती एका ब्राह्मणाकरवी द्वारकेला निरोप धाडते. हा निरोप काळजीपूर्वक वाचावा. त्यात विनवणी आहे, तसा आराखडाही आहे. अंतःपुरातील मुलीला आप्तांचा वध न करता न्यावे कसे, ही अडचण ती स्वतःच उपस्थित करते आणि उत्तरही देते : लग्नाच्या आदल्या दिवशी कुळाचाराप्रमाणे वधू नगराबाहेर देवीच्या दर्शनाला जाते, तेव्हा यावे. अमरावतीकर ते देऊळ म्हणजे आपली अंबादेवी मानतात. धर्मशास्त्राने रडत्या कन्येच्या बळजबरीच्या हरणाला 'राक्षसविवाह' म्हटले. रुक्मिणी तोच विधी नाव घेऊन मागते. विधी तोच राहतो, पण तो ठरवणारी बदलते.

या साहसाची किंमतही कथा लपवत नाही. पाठलाग करणारा रुक्मी हरतो. रुक्मिणी त्याच्या प्राणांची भीक मागते. कृष्ण त्याचे केस विद्रूप कापतो आणि बलराम त्याबद्दल कृष्णालाच बोल लावतो. अपमानित रुक्मी कुंडिनपुरास परतत नाही, भोजकटात राहतो. अमरावतीजवळची भातकुली म्हणजेच ते भोजकट, अशी समजूत आहे.

मराठी कवितेने ही कथा फार लवकर जवळ केली. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपुरी गोविंदप्रभूंना विवाहाची हौस झाली, भक्तांनी सोहळा मांडला आणि महदाइसेने धवळे गाइले. विषय होता कृष्ण-रुक्मिणीचा विवाह. गाणारी विधवा होती. मंगलकार्यात विधवेला दूर ठेवणाऱ्या समाजात लग्नाचे गीत तिच्या तोंडून उमटले, ही गोष्ट तिला आद्य मराठी कवयित्री म्हणताना आपण पुरेशी ध्यानात घेत नाही, असे आम्हांला वाटते.

त्यानंतर महानुभाव कवी नरेंद्राने आणि १५७१ मध्ये वाराणसीत एकनाथांनी हीच कथा विस्ताराने मांडली. दोघांच्याही ग्रंथांचे नाव 'रुक्मिणीस्वयंवर' असेच आहे. वस्तुतः तेथे राजांची रांग नाही, वरमाला घेऊन वर निवडणे नाही. घडते ते हरण. भागवतात दोन्ही कल्पनांना जागा आहे. मराठी कवींनी मथळ्यासाठी 'स्वयंवर' उचलला आणि वर निवडणारीला कर्तेपण दिले. विवाह जमावा म्हणून मुलींनी एकनाथांच्या ग्रंथाचे पारायण करण्याची प्रथा रूढ झाली. वाचणारीच्या हाती येते ती स्वतःचा वर स्वतः ठरवणाऱ्या मुलीची कथा, हे मात्र पारायण सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या लक्षात येत असेल का, कोण जाणे!

विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सुचवले, की पुढच्या खेपेस नवरीचे पात्र एखाद्या खेळाडूकडे द्यावे. एका विद्यार्थिनीने ते घेतले. फासे हाती येताच तिने सूत्रधाराला पहिला प्रश्न विचारला : "या गावात लग्नाच्या आदल्या दिवशी नवरी कुठे जाते?"